नडगीवरच्या दोन खुणा

गुडघ्याची वाटी बदललेला माणूस पलंगावर पाय पसरून बसला की त्याचं ऑपरेशन रोबोटने झालंय की नेहमीच्या पद्धतीने, हे मला त्याच्या चालण्यावरून सांगता येत नाही. गुडघा किती वाकतो त्यावरूनही नाही. मी नडगी बघते. मुख्य छेदापासून चार बोटं खाली, शेजारी शेजारी दोन छोट्या खुणा दिसल्या तर रोबोट. नसल्या तर बहुधा नाही. ऑपरेशनच्या वेळी तिथे हाडात दोन पिना बसवतात, त्यांच्यावर चकाकत्या गोळ्यांचा एक छोटा सांगाडा लावतात, आणि थिएटरमधला कॅमेरा त्या गोळ्यांवरून पाय या क्षणी नेमका कुठे आहे हे ओळखत राहतो. काम झालं की पिना निघतात, एकेक टाका पडतो. घरी आल्यावर मोठ्या छेदाचं कुणाला काही वाटत नाही, तो असणारच होता. बोट जातं ते या दोन टिकल्यांवर. ‘‘मॅडम, हे इथे काय केलंय?’’

मी फिजिओथेरपिस्ट. ठाण्यात घरी जाऊन व्यायाम करून घेते. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, आणि आता बरीचशी कामं घोडबंदर रोडच्या टॉवरांत. पेशंटला डॉक्टर भेटतात पाच-दहा मिनिटं, मी भेटते तासभर, आणि त्यातला बराच वेळ दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून गप्पांत जातो. त्यामुळे डॉक्टरांसमोर जे बोललं जात नाही ते माझ्या कानावर पडतं. पूर्वी गप्पांचे विषय ठरलेले: सून, नातू, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट. अलीकडच्या वर्षांत त्यात रोबोट आला.

तो आला रस्त्यावरून. माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली की समोर एखादा तरी फलक असतो. निळसर उजेड, पांढराशुभ्र यांत्रिक हात, आणि कोपऱ्यात हाताची घडी घातलेले डॉक्टर. मला त्या घडीची गंमत वाटते. ज्या माणसाच्या हातावर सगळं अवलंबून आहे, त्याचेच हात फलकावर काखेत लपवलेले, आणि दिसतोय तो यंत्राचा हात. जाहिरात करणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं नसेल. पण लोक ते चित्र जसंच्या तसं घरी घेऊन जातात.

मग घराघरांत दोन तट पडतात. एक घाबरलेल्यांचा. शुक्रवारच्या शटडाऊनची सवय असलेल्या आपल्या गावात पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘मध्येच वीज गेली तर?’’ त्यामागोमाग, ‘‘हँग झालं तर?’’ पाचपाखाडीतल्या एका काकांनी तर अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की त्यांचा मोबाइल रात्री आपोआप अपडेट होऊन सकाळी वेगळाच दिसतो, तसं ऑपरेशन चालू असताना झालं तर काय करायचं? हसण्यासारखं नाही यात काही. यंत्रं अशीच वागताना त्यांनी पाहिलीत.

दुसरा तट हट्ट धरणाऱ्यांचा. तो बहुधा फोनवरून बोलतो, बंगळूरूहून किंवा त्याहून लांबून. ‘‘आई, माणसाचा हात थरथरतो, मशीनचा थरथरत नाही. पैशाकडे बघू नकोस.’’ आई पैशाकडेच बघत असते, पण मुलाचं मन मोडवत नाही.

वरवर ही दोन टोकं. पण दोघांचं नीट ऐकलं तर डोक्यातलं चित्र एकच असतं: डॉक्टर बटण दाबणार, बाजूला होणार, आणि ऑपरेशन यंत्र करणार. एकाला त्याची भीती वाटते, दुसऱ्याला त्यामुळेच हायसं वाटतं. समज मात्र दोघांचाही तोच, आणि तो मुळातच खरा नाही.

गुडघ्याचंच सांगते. वाटी बदलणं म्हणजे खरं तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं ठरलेल्या कोनात कापून त्यावर धातूची टोपणं आणि मध्ये प्लास्टिकची चकती बसवणं. नेहमीच्या पद्धतीत हा कोन धातूच्या साच्यांनी ठरवतात, सुतार गुण्या लावून फळी कापतो तसा. रोबोट असला की गुण्याच्या जागी संगणकातला नकाशा येतो. काही पद्धतींत आधी सीटी स्कॅन काढून हाडाचं चित्र तयार ठेवतात. मग यांत्रिक हाताने धरलेली करवत सर्जनच पुढे ढकलतो; आखलेल्या हद्दीबाहेर जायला लागली की हात अडवतो, करवत थांबते. काही यंत्रं हाड स्वतः कोरतात हे खरं, पण आखणी सर्जनची, सुरुवात सर्जनच्या हुकमाने आणि थांबवायचं बटणही त्याच्याच हाताशी. बाकी त्वचा उघडणं, स्नायू बाजूला घेणं, दोन्ही बाजूंचे बंध सारखे ताणले जातायत का ते चाचपणं, सिमेंट, टाके, हे सगळं हाताने. वीज गेलीच तर दवाखान्याचा जनरेटर असतो, साधे साचे हाताशी असतात आणि डॉक्टर जुन्या पद्धतीने काम पुरं करतात.

यंत्राने कोन जास्त नेमका येतो, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या गोष्टीचा, की नेमक्या कोनामुळे माणूस जास्त चांगला चालतो का, आणि सांधा जास्त वर्षं टिकतो का. २०२० साली कोरियातल्या सर्जनांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुठलीही निवड न करता पेशंट दोन गटांत वाटले, एका गटाला रोबोट, दुसऱ्याला नेहमीची पद्धत, आणि किमान दहा वर्षं पाठपुरावा केला. दुखणं, हालचाल, सांध्याचं टिकणं यांत फरक निघाला नाही. तो रोबोट जुन्या पिढीचा होता, आजची यंत्रं निराळी, हेही सांगायला हवं. नव्या यंत्रांचा लांब पल्ल्याचा हिशोब अजून व्हायचाय, कारण तेवढी वर्षंच झालेली नाहीत. फलकावर मात्र तो हिशोब पुरा होऊन बसलाय.

आपल्याकडे डॉक्टर निवडायची जुनी रीत निराळी होती. ‘‘त्यांच्या हाताला गुण आहे’’ असं कुणीतरी सांगायचं आणि माणसं जायची. यात भाबडेपणा होता. गोखले रोडवरच्या एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे हे ठरायचं ते शेजारणीच्या नणंदेच्या अनुभवावरून. पण त्या बोलण्यात विचारायची जागा होती. त्यांनी किती जणांचं केलंय, कुणाचं बिघडलं, बिघडल्यावर ते रात्री आले का, फोन उचलला का, हे सगळं त्या एका वाक्याच्या मागे निघायचं. रोबोटबद्दल असं काही निघत नाही. ‘‘त्यांच्याकडे रोबोट आहे’’ म्हटलं की चौकशी संपते. यंत्र बरं की वाईट यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

मध्यंतरी एका दवाखान्याने तळमजल्यावर पोटाच्या शस्त्रक्रियांचा रोबोट लोकांना हाताळायला ठेवला होता. मी गेले. रांगेत निम्मे ज्येष्ठ नागरिक, निम्मी शाळेतली मुलं. या जातीच्या यंत्रात सर्जन पेशंटजवळ नसतोच, दहा-बारा पावलांवर एका कन्सोलपाशी बसतो, डोकं आत घालून. पोटावर छोट्या छिद्रांतून आत गेलेले यांत्रिक हात असतात आणि पलंगापाशी दुसरा डॉक्टर उभा असतो. तिथे पोटाच्या जागी रबरी खुंट्या आणि त्यांच्यावर चढवायच्या इवल्या रिंगा होत्या.

मी अंगठा आणि मधलं बोट पट्ट्यांत अडकवलं, कपाळ टेकवलं. आत सगळं खोल दिसतं, खुंटी आपल्यापासून किती लांब ते कळतं, आणि चिमटा मनगटासारखा वळतो, किंबहुना मनगट वळत नाही तिकडेही वळतो. माझा हात वीतभर सरकला की चिमटा बोटभर सरकायचा. थरथर गाळून टाकतात तेही जाणवलं, कारण चहा घेऊन न आल्यामुळे माझी बोटं त्या दिवशी हलत होती आणि चिमटा मात्र स्थिर. शेजारच्या मुलीने काहीतरी विचारलं म्हणून मी डोकं वर काढलं, तर सगळं जागच्या जागी थांबलं. सर्जनने नजर काढली की यंत्राने हलायचं नाही, अशी त्याची रचनाच आहे.

पण रिंग खुंटीत अडकली आणि मी ओढली, तेव्हा बोटांना काहीच कळलं नाही. ताण नाही, विरोध नाही. रबर लांबतंय हे डोळ्यांना दिसत होतं तेवढंच. माझं सगळं आयुष्य बोटांच्या कळण्यावर चाललेलं. पोटरी घट्ट आहे की सुजलीय, गुडघा दुखून अडतोय की भीतीने अडतोय, हे मी हाताने ओळखते. तिथे क्षणभर हात बधिर झाल्यासारखं वाटलं. सर्जन धाग्याचा ताण डोळ्यांनी ओळखायला शिकतात, आणि त्यासाठी किती सराव लागत असेल ते तिथे बसल्यावर समजलं. दा विंची या सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली. ताण जाणवून देणारी त्याची अवजारं आली २०२४ मध्ये. म्हणजे मधली चोवीस वर्षं त्या यंत्रावर जगभर लाखो ऑपरेशनं झाली ती डोळ्यांच्या भरवशावर.

गंमत पुढे होती. रांगेतले जे आजोबा ‘‘छे, मशीनकडून नाही करून घ्यायचं बुवा’’ म्हणत होते, त्यांनी तीन रिंगा चढवल्या आणि खुर्चीतून उठताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ‘‘सोपं आहे की!’’ भीती गेली, आणि तिच्या जागी आलं ते भीतीपेक्षा फार शहाणं होतं असं नाही.

कुणीतरी विचारलं, मग डॉक्टर मुंबईत आणि पेशंट ठाण्यात असं चालेल का? (घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला नको, असं मागून कुणीतरी पुरवणीही जोडली.) हे झालेलं आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या फ्रेंच सर्जनांनी, जाक मारेस्को यांनी, फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधल्या बाईंचं पित्ताशय काढलं. पण तिकडे स्ट्रासबर्गला पलंगापाशी सर्जन उभेच होते. यंत्र हलवणारा हात लांब जाऊ शकतो. अडचण आली तर पोट उघडणारा हात जवळच लागतो.

लोक नव्या पद्धतीला घाबरतात असं म्हणणाऱ्यांनी दुर्बीण आठवावी. मे १९९० मध्ये डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातलं तसं ते पहिलं. त्याच्या आधी जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आमच्या घरात माझ्या आजीचं मत ठाम होतं, एवढ्याशा भोकातून डॉक्टरला काय दिसणार? तिच्या पिढीत भेटायला आलेला माणूस ‘‘किती टाके पडले?’’ विचारायचा आणि आकडा मोठा असला की ऑपरेशन मोठं, डॉक्टरही मोठा. आज कुणी पित्ताशयाच्या खड्यांसाठी पोट उघडायचं म्हटलं तर लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

त्यामुळे रोबोटचंही तसंच होईल, थोडा वेळ द्या, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. कारण दुर्बिणीने आपल्याला ‘छेद जेवढा लहान तेवढं ऑपरेशन चांगलं’ असा एक नवा पक्का समज दिला, आणि तो सगळीकडे खरा नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असताना पिशवी काढायची, ती पोट उघडून की छोट्या छिद्रांतून, यावर २०१८ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. छोट्या छिद्रांच्या गटात, म्हणजे दुर्बीण आणि थोडे रोबोट, कर्करोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. सर्जनांनाही धक्का बसला. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रोबोट वापरण्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. साध्या गाठींसाठी किंवा रक्तस्रावासाठी पिशवी काढण्याला हे लागू नाही, ती गोष्ट वेगळी. पण सोसायटीच्या भिशीत ‘‘माझी रोबोटने काढली, दुसऱ्या दिवशी घरी’’ असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्या बायका कुठला आजार होता ते विचारत नाहीत, हॉस्पिटलचं नाव विचारतात.

आमच्या घरातही हा विषय आलाच. मामाला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. नौपाड्यातलं जुनं दोन खोल्यांचं घर, मामी चहा टाकतेय, मामेभाऊ न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर. तो म्हणत होता की तिकडे आता हे रोबोटशिवाय करतच नाहीत. ते बरंचसं खरंही आहे, प्रोस्टेट काढायला अमेरिकेत रोबोटच जास्त वापरतात. मामाने मला विचारलं, ‘‘तुला काय वाटतं गं?’’

मी त्याला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा २०१६ चा अभ्यास सांगितला, ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांची समोरासमोर तुलना. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं, दवाखान्यातला मुक्काम कमी झाला. पण पुरुष ज्या दोन गोष्टींना घाबरतो, लघवीवरचा ताबा आणि संबंध, त्यांत बारा आठवड्यांनी फरक नव्हता. (दुसरी गोष्ट मामीसमोर सांगताना मी आवाज बारीक केला. मामीने स्वयंपाकघरातून, ‘‘ऐकतेय मी’’ म्हटलं.) मला त्या अभ्यासातलं सगळ्यांत आवडलं ते संशोधकांनी पेशंटला दिलेलं उत्तर: अमुक पद्धत निवडण्यापेक्षा अनुभवी, ज्याच्यावर तुमचा विश्वास बसतो आणि ज्याच्याशी तुमचं जमतं असा सर्जन निवडा.

मामा म्हणाला, ‘‘म्हणजे हाताला गुण.’’

मामेभाऊ वैतागला. पण दुसऱ्या आठवड्यात मामाने सर्जनला समोरासमोर विचारलं, ही तुम्ही वर्षाला किती करता, कन्सोलवर शेवटपर्यंत तुम्हीच बसणार का, आणि उघडी करायची वेळ आली तर ती कोण करणार? डॉक्टर रागावले नाहीत. आकडे सांगितले. मामाने रोबोटनेच करून घेतलं, कारण त्या सर्जनचा गेल्या कित्येक वर्षांचा सराव रोबोटवरचाच होता. तीस वर्षं उघड्या शस्त्रक्रिया केलेला कुणी समोर असता तर मामा तिकडे वळला असता, आणि माझ्या मते तेही बरोबरच ठरलं असतं.

पैशांचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सगळ्यांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याला सरासरी दीड लाखाच्या वर पडायचे, तो ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. लोकांना वाटलं ऑपरेशन स्वस्त झालं. पण सांध्यावर मर्यादा आहे, रोबोटच्या शुल्कावर नाही. बिलात तो स्वतंत्र ओळीत येतो किंवा पॅकेजमध्ये मुरतो. मला घरांतून ऐकू येणारा फरक लाखाच्या आसपासचा असतो. दवाखान्यांचीही बाजू आहे. यंत्र काही कोटींचं, वर्षाचा देखभालीचा करार वेगळा, आणि दा विंचीच्या चिमट्यांना तर वापराची मोजदाद असते. ठरलेल्या ऑपरेशनांनंतर यंत्र तो चिमटा घेतच नाही, नवा लावावा लागतो. एवढं यंत्र आणल्यावर ते रिकामं ठेवून चालत नाही. गुरुग्राममध्ये डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीने ‘मंत्रा’ नावाचा देशी रोबोट काढलाय, तो कमी किमतीत मिळतो, त्याने पुढे दर उतरतील अशी आशा आहे.

मेडिक्लेमचा घोळ वेगळाच. १ ऑक्टोबर २०२० पासून पॉलिसीला रोबोटची शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येईना, ती बारा आधुनिक उपचारांच्या यादीत आली. पण कंपनीला त्यावर उपमर्यादा घालता येते. पाच लाखांची पॉलिसी असलेला माणूस निर्धास्त भरती होतो आणि डिस्चार्जच्या दुपारी कळतं की रोबोटच्या उपचाराला मर्यादा निम्मी. त्या दुपारी बिलाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाला माणसाचा हात थरथरतो की नाही हे आठवत नाही.

आणि संमतीपत्र. भरतीच्या वेळी पाच-सहा पानं पुढे येतात, फुल्या केलेल्या असतात, सही करायची. जर्मनीत नव्वदच्या दशकात रोबोडॉक नावाचं यंत्र खुब्याचा सांधा बदलायला धडाक्याने वापरात आलं. मग त्रास झालेल्या पेशंटांनी दावे लावले. एका बाईंचा दावा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला, निकाल लागला २००६ मध्ये. न्यायालयाने म्हटलं की पद्धत नवी असेल तर तिचे अजून माहीत नसलेले धोके असू शकतात, हेसुद्धा पेशंटला सांगायला हवं. दावा मात्र त्या बाई हरल्या, कारण त्यांना झालेला मज्जातंतूचा त्रास हा जुन्या पद्धतीतही होणारा, आणि तो आधी सांगितलेला होता. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. माहीत असलेले धोके सांगणं कठीण नाही. आम्हालाच अजून सगळं माहीत नाही, असं पेशंटला सांगायला डॉक्टरला वेगळी हिंमत लागते, आणि माजिवड्याच्या फलकाखाली उभं राहून ती दाखवणं आणखी कठीण.

रोबोटवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. यंत्राची एक बाजू मला धंद्यामुळे दिसते, जी फलकावर कधी येत नाही. माझ्याकडे सर्जनही येतात, पेशंट म्हणून. दुर्बिणीची ऑपरेशनं वर्षानुवर्षं करणाऱ्यांच्या माना आणि खांदे मी पाहिलेत. तासन् तास उभं राहायचं, हात खांद्याच्या उंचीवर अधांतरी, मान एका बाजूला पडद्याकडे वळलेली. एकाचा उजवा खांदा इतका धरला होता की शर्टाची बाही घालताना त्यांना बायकोची मदत लागायची, आणि तरी ते दुसऱ्या दिवशी थिएटरला उभे होते. कन्सोलवर निदान बसता येतं, कोपर टेकतात. तिथेही मान दुखतेच, फक्त वेगळ्या जागी. पण सहाव्या तासाला ज्याचा खांदा पेटलेला नाही अशा माणसाने माझं ऑपरेशन करावं, असं मलाही वाटेल. हा फायदा पेशंटचाच आहे. ‘आमच्या सर्जनची मान कमी दुखते’ अशी जाहिरात कुणी करत नाही एवढंच.

माझ्याकडे घरकाम करणाऱ्या ताई लोकमान्यनगरच्या. त्यांच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. मी रोबोटबद्दल त्यांना काय वाटतं विचारलं. त्यांनी विचार करून म्हटलं, ‘‘आम्हाला तारीख मिळाली ना ताई, बास.’’ तारखेसाठी ते दोघं किती महिने खेपा घालत होते ते मला माहीत होतं, कारण त्या दिवशी त्या कामाला यायच्या नाहीत.

चरईत एक आजी आहेत, वय शहात्तर. त्यांचे दोन्ही गुडघे एकाच सर्जनने केले, मध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर. उजवा नेहमीच्या पद्धतीने. डावा रोबोटने, कारण तोपर्यंत दवाखान्यात यंत्र आलं होतं आणि मुलाने हट्ट धरला. माझ्या दृष्टीने असा पेशंट म्हणजे घरबसल्या प्रयोगशाळा. बाई त्याच, डॉक्टर तेच, मोरीचा उंबरठाही तोच. मी कोन मोजायची पट्टी दोन्ही गुडघ्यांना लावते आणि दोन-चार अंशांच्या पुढे फरक सापडत नाही, तोही कधी इकडे, कधी तिकडे. डाव्या नडगीवरच्या दोन टिकल्या आता फिकट झाल्यात.

आजींचं मत मात्र पाहुण्यागणिक बदलतं. मुलगा समोर असला की डावा बरा, ‘‘पैसे वसूल हो.’’ जाऊबाई आल्या, ज्यांचे दोन्ही साध्या पद्धतीने झालेत, की उजवा बरा, ‘‘डाव्यात काहीतरी मशीनसारखं वाटतं.’’ माझ्यापाशी एकदा म्हणाल्या, डाव्याला पहिले पंधरा दिवस कमी दुखलं होतं. मग स्वतःच म्हणाल्या, की तेव्हा काय करायचं ते माहीत होतं ना, पहिल्या वेळी नुसती भीतीच होती.

परवा मी गेले तेव्हा त्यांची धाकटी बहीण आली होती, डोंबिवलीहून. तिचाही गुडघा आता करायला झालाय. हातात दोन दवाखान्यांची माहितीपत्रकं, दोन्हींवर तो निळा उजेड. ‘‘अक्का, तुझे दोन्ही प्रकार झालेत, तूच सांग, रोबोटने करू की साधं?’’

आजींनी चष्मा लावला, दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले, आणि परत दिले. ‘‘यात डॉक्टर कोण ते कुठे लिहिलंय? आधी ते विचारून ये. आणि हे बघ, सोमवारी करून घे. शनिवारी केलंस तर रविवारी उठवायला कुणी येत नाही, या बाईसुद्धा नाही.’’